तक्रार: ६० मिलिग्रॅमऐवजी ४० मिलिग्रॅमची इंजेक्शनं पाठवल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन औषध विक्री विभाग

महोदय,

माझ्या वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे. केमो चालू असतानाच त्यांचा डावा पाय सुजला आणि डॉपलर सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गाठ निघाली. डॉक्टरांनी एनॉक्सापॅरिन हे रक्त पातळ करणारं इंजेक्शन लिहून दिलं: ६० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, पोटाच्या कातडीखाली. वडिलांचं वजन ६० किलो आणि हा डोस किलोमागे १ मिलिग्रॅम असा वजनावरच ठरतो. तुमच्या ॲपवर चिठ्ठी टाकली, ती मंजूर झाली, पैसेही कापले गेले. खोक्यात मात्र ४० मिलिग्रॅमच्या सिरिंजा! बिलावर बारीक अक्षरात ‘पर्यायी उत्पादन’. आम्हाला विचारलं कुणी?

कस्टमर केअरने तर कहरच केला. "सर, मॉलिक्यूल सेम आहे, दोन देऊन टाका." दोन दिल्या की ८० होतात. कॅन्सरच्या पेशंटचं रक्त लवकर गोठतं, तसा रक्त पातळ करणाऱ्या औषधाने त्याला रक्तस्रावाचा धोकाही जास्त. वडिलांच्या बेडक्यात आधीच मधूनमधून रक्त दिसतं. बरं, एकच द्यावी तर ४० हा गाठ होऊ नये म्हणून देण्याचा डोस. झालेल्या गाठीला तो पुरत नाही आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. दीड सिरिंज म्हणाल, तर ४० च्या सिरिंजवर मापाच्या रेघाच नसतात, त्या ६० च्या सिरिंजवर असतात. चिठ्ठी तपासायला तुमच्याकडे फार्मासिस्ट बसतो की नुसता शिक्का?

संध्याकाळचा डोस चुकू नये म्हणून हॉस्पिटलच्या मेडिकलमधून पूर्ण किमतीला ६० ची इंजेक्शनं आणली. तुमचा माल न वापरता तसाच पडून आहे, तरी "इंजेक्शन परत घेत नाही" म्हणून रिफंड नाकारलात. चूक तुमची, भुर्दंड आम्हाला.

माझे पूर्ण पैसे परत करा. शिवाय हे औषध काही महिने चालणार आहे, तेव्हा आमच्या खात्यावरचं ‘पर्यायी उत्पादन’ कायमचं बंद करा. माल नसेल तर तसं कळवा, आम्ही दुसरीकडून घेऊ. शेड्यूल एचमधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, औषधाच्या जागी परस्पर दुसरं देता येत नाही, हे १९४५ च्या औषध नियमांतल्या नियम ६५ मध्ये आहेच.

आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर चिठ्ठी, बिल आणि खोक्याच्या फोटोंसह अन्न व औषध प्रशासनाकडे आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार करणार आहे.

आपला,
एक ग्राहक, नाशिक