गोदी, बिल्टी आणि बंद पडलेल्या पेढ्या

नागपूर

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुण्याला मुलाकडे राहायला गेल्यापासून तुझी प्रकृती ठीक आहे आणि वहिनींचा गुडघाही आता फारसा त्रास देत नाही, हे वाचून बरे वाटले. बाकीच्या पत्रात मात्र तू मला भांडायला चांगलाच विषय दिला आहेस. मुंबईच्या गोदीवर ज्या ट्रान्सपोर्ट पेढ्यांच्या गाड्या आपण चालवल्या, त्यांपैकी एकही आज का उरली नाही असे विचारून पुढच्याच ओळीत तू उत्तरही देऊन टाकलेस की, जीएसटीने त्यांचा बळी घेतला. हे मला पटत नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा त्यांतल्या बहुतेकांच्या गाळ्यांवर दुसऱ्यांच्या पाट्या लागून बरीच वर्षे झाली होती. आधीच गेलेल्या माणसाच्या मरणाचा आळ मयतीला आलेल्या पाहुण्यावर घालावा, तसे हे झाले.

माझे मत असे की, त्या पेढ्या खोळंब्यावर जगत होत्या. माल गोदीत अडकायचा, जकात नाक्यावर अडकायचा, बिल्टी म्हणजे मालाची पावती बँकेत अडकायची, गाडी परतीच्या भाड्यासाठी अडकायची. आणि यांतल्या प्रत्येक ठिकाणी अडकलेले सोडवून देणारा माणूस पेढीच्या पदरी असायचा. ट्रक कुणालाही भाड्याने मिळत होता. गोदीच्या शेडमधला कारकून, नाक्यावरचा दलाल आणि रात्री अकरा वाजता गाडी खाली करून देणारी टोळी यांना नावाने हाक मारता येणे, हे मात्र विकत मिळत नव्हते. पेढी भाडे घ्यायची ते खरे म्हणजे या ओळखीचे.

मशीद बंदर, चिंच बंदर आणि कर्नाक बंदर या पट्ट्यातल्या त्या कचेऱ्या तुला आठवत असतीलच. खाली एक गाळा, त्यात रस्त्यापर्यंत आलेले डाग, म्हणजे मालाचे नग, वर लाकडी माळा आणि माळ्यावर मुनीम. दारावरच्या पाटीवर गावांची यादी असे, अमरावती, अकोला, नागपूर, रायपूर, आणि खाली ‘डेली सर्व्हिस’, जी खरोखर रोज निघत असे फक्त दिवाळीच्या आधी. फाळणीनंतर शीव कोळीवाड्याच्या छावण्यांत आलेल्या पंजाबी कुटुंबांतल्या कित्येकांनी एका गाडीवर धंदा सुरू केला होता, त्यांच्या शेजारी कच्छी आणि मारवाडी मंडळी होती, आणि आपल्याकडचे एखाद-दुसरे हुंडेकरी, म्हणजे माल पोचवण्याचा ठेका घेणारे, नागपूरच्या इतवारीत बसून मुंबईला निव्वळ भागीदारीवर काम चालवत. पेढ्यांची नावे मुद्दाम लिहीत नाही. काहींचे वारस आजही बाजारात आहेत, दुसऱ्या धंद्यात, आणि वडिलांच्या उधारीची आठवण त्यांना पत्रातून करून देण्यात मला रस नाही.

बिल्टीविषयी तू लिहिले आहेस की तो नुसता कागद होता. तसे म्हणू नकोस. मुनीम कार्बन घालून एका दमात लिहायचा: पाठवणार कोण, घेणार कोण, डाग किती, वजन किती, भाडे भरलेले की ‘टू पे’, म्हणजे माल घेणाऱ्याने भरायचे. मालाच्या रकान्यात ‘सांगितल्याप्रमाणे’ असे असायचे, म्हणजे पेटीत काय आहे ते आम्ही पाहिलेले नाही; आणि कोपऱ्यात ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का. वाहकाची जबाबदारी ठरवणारा कायदा तेव्हा १८६५ सालचाच, थेट इंग्रजांच्या काळातला, आणि त्यातून अंग काढून घेण्यासाठी हा शिक्का. कोर्टात तो कितपत टिकायचा हे वकील जाणोत, पण नागपूरच्या दुकानदाराला गप्प करायला तो पुरेसा होता. शिवाय मुंबईचा व्यापारी ती बिल्टी बँकेत टाकायचा. इकडे नागपूरच्या व्यापाऱ्याने पैसे भरले की बँक बिल्टी सोडायची आणि ती हातात पडल्याशिवाय पेढी गोदामातून माल द्यायची नाही. ज्या ट्रान्सपोर्टचे नाव इंडियन बँक्स असोसिएशनच्या यादीत असेल त्याचीच बिल्टी बँका चालवून घेत, म्हणून त्या यादीत नाव येण्यासाठी मालक मंडळी किती धावपळ करीत हे आपण पाहिले आहे. पैसे भरायला व्यापाऱ्याने जितके दिवस लावावेत तितके दिवस गोदामाचे भाडे डागामागे चढत जायचे. म्हणजे खोळंबा आणि कमाई, दोन्ही एकाच कागदावर.

गोदीचे तर विचारूच नकोस. ग्रीन गेट, यलो गेट, ऑरेंज गेट अशी रंगांची नावे, आणि संत्र्याच्या गावची पोरे म्हणून ऑरेंज गेटवर आपली होणारी थट्टा. आत जायचे तर गाडीचे परमिट, ड्रायव्हरचा पास, क्लीनरचा पास. आत गेल्यावर जहाज लागलेले, पण आपला माल अजून दुसऱ्या मालाखाली. त्या काळी बहुतेक माल सुटाच यायचा, पोती, पिंपे, लाकडी खोकी, कागदाची रिळे. क्रेनने जाळीत भरून धक्क्यावर उतरवायचे, गोदी कामगारांनी शेडमध्ये रचायचे, कस्टमने पाहायचे आणि मग कधीतरी आपला नंबर लागायचा. जुने सरदारजी ड्रायव्हर १९४४ च्या स्फोटाची गोष्ट सांगायचे ती अशाच रिकाम्या वेळी. १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटले, त्यात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात भरलेल्या होत्या, सोन्याच्या विटाही होत्या, आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले. आपल्या नागपुरात १४ एप्रिल म्हटले की बाबासाहेबांची जयंती. तो दिवस अग्निशामक दलाच्या स्मरणाचाही आहे हे मला पहिल्यांदा ऑरेंज गेटबाहेर, टायरला टेकून बसलेलो असताना कळले. सोन्याची वीट सापडली तर काय करायचे याचे आराखडे मात्र सगळ्यांचे तयार होते.

आपण इकडून न्यायचो ते मुख्यतः गाठी आणि संत्री. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे नऊ टनांच्या गाडीत पन्नासच्या आसपास गाठी बसायच्या. त्या चढवणारे हमाल लोखंडी आकडा गाठीच्या पट्टीत न अडकवता बरोबर कापडात अडकवायचे, कारण पट्टी तुटली की गाठ फुगून पुन्हा बसत नाही. वरून ताडपत्री, ताडपत्रीवर रस्सा, आणि रस्सा आवळताना एक जण वर, एक जण खाली. खालच्याने पूर्ण भार टाकून लोंबकळायचे आणि वरच्याने तेवढ्यात गाठ मारायची. तू खाली असायचास, कारण तुझे वजन जास्त. संत्र्याच्या वेळी तीच ताडपत्री बाजूने उघडी ठेवायची, पेट्यांत तणस घालूनही आत वाफ धरली की वाशीपर्यंत अर्धा माल डागाळायचा. वाशी तरी नंतरची गोष्ट. १९९६ पर्यंत संत्री क्रॉफर्ड मार्केटला उतरायची.

गाडी टाटाची १२१०, म्हणजे मालासकट एकूण बारा टन आणि शंभराच्या आसपास घोड्यांची ताकद. पॉवर स्टिअरिंग नावाची चीज नव्हती. नागपूरबाहेरच्या वाडीच्या नाक्यावरून निघून कोंढाळी, तळेगाव, अमरावती, अकोला, मलकापूर, भुसावळ, धुळे, आणि धुळ्याला आग्रा रोड धरला की रस्ता बदलल्याचे झोपेतही कळायचे. खरी परीक्षा इगतपुरीनंतर. भरलेल्या गाडीने कसारा घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा नियम सगळ्यांना पाठ होता आणि पाळणारे थोडे होते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारे महाभाग आपल्याच पेढीत होते. वाचलेले डिझेल त्यांचे, पण ब्रेकचे तापलेले ड्रम आणि जळालेले लायनर मालकाचे. लायनरचा तो वास आला की क्लीनर लाकडी ठोकळा हातात घेऊन दाराच्या पायरीवर उभा राहायचा. गाडी थांबेनाशी झाली तर तो ठोकळा घेऊन धावत्या चाकापुढे उडी मारणे हे त्याचे काम, आणि या कामाचा पगार किती होता ते आठवून मला आजही संताप येतो.

घाट उतरलो तरी मुंबई लगेच मिळायची नाही. मुलुंडच्या जकात नाक्यावर रांग, आणि रांगेतून सुटलो की शहरात दिवसा जड गाड्यांना बंदी, म्हणून रात्रीची वाट. या रांगेचे पैसे आपल्याला कुणी दिले नाहीत हे तू विसरलेला दिसतोस. हॉल्टिंग, म्हणजे गाडी खोळंबल्याचे पैसे, मिळायचे ते मालकाला, तेही भांडून. ड्रायव्हरला ठरलेला भत्ता आणि खर्चीचा हिशेब. म्हणून त्या पेढ्यांविषयी तू लिहितोस तितके मन भरून मला येत नाही. मुनीम चांगला होता, मालक घरच्या लग्नाला आला, हे सगळे खरे. पण आपली शेवटची पेढी बंद झाली तेव्हा गाळ्याची पागडी कुणाच्या खिशात गेली आणि आपला शेवटचा हिशेब कुठे गेला, ते तुलाही ठाऊक आहे.

आता त्या संपल्या कशा ते पाहा. पहिला धक्का १८ जानेवारी १९८२ चा. गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आपल्या गाठींना मुंबईत गिऱ्हाईकच राहिले नाही. कॉटन ग्रीनच्या कापूस गोदामांत गाडी रिकामी व्हायला आठवडा लागू लागला. नुसत्या गाठींवर चालणारे हुंडेकरी तेव्हाच बसले. दुसरा धक्का आवाज न करता आला. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदर सुरू झाले आणि माल सुटा येण्याऐवजी वीस आणि चाळीस फुटी कंटेनरमध्ये, सील लावून येऊ लागला. सीलबंद पेटी गोदीत कुणी उघडत नाही, तिच्यातले डाग मोजायला मुनीम लागत नाही, ती रेल्वेवर चढून थेट आपल्या नागपूरच्या अजनी डेपोत उतरू लागली आणि कस्टमची तपासणीही तिथेच होऊ लागली. बाराशे दहाच्या लाकडी बॉडीत ती मावत नाही. ज्यांनी कर्ज काढून ट्रेलर घेतले ते नवी मुंबईकडे कळंबोलीला गेले आणि तगले. लोखंड बाजारही मुंबईतल्या दारूखाना भागातून तिकडेच गेला. ज्यांना मशीद बंदरचा गाळा सोडवेना, ते त्या गाळ्यासकट संपले. प्रिन्सेस गोदी १८८० सालची. ती आणि तिच्या शेजारची व्हिक्टोरिया, दोन्ही गोद्यांचे पाणी भर टाकून बुजवले आहे, आणि ऑरेंज गेटपासून २०१३ साली सुरू झालेला फ्रीवे वरून निघून जातो. खाली कोण कधी रांगेत उभा होता हे वरच्या गाडीवाल्याला कळायचे कारणच नाही.

तेव्हा तुझ्या जीएसटीच्या वाट्याला उरले ते फक्त नाके. जकात गेली, २०१८ मध्ये मालासोबतचे ऑनलाइन ई-वे बिल आले, नाक्यावरचा दलाल घरी बसला, हे मान्य. आपल्या वाडीचेच बघ ना. महापालिकेच्या हद्दीबाहेर म्हणून जकात चुकवायला तिथे गोदामे उभी राहिली आणि त्यांच्या आधाराने सगळा ट्रान्सपोर्टचा धंदा. तुझ्या हिशेबाने जकात गेल्यावर वाडी ओस पडायला हवी होती. उलट ती वाढली आहे, कारण राज्याराज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची गरज संपली आणि देशाच्या मधोमध असलेले गाव कंपन्यांना सोयीचे वाटू लागले. नवे गोदाम आत जाऊन पाहिले. डागाला चिकटवलेला कोड पोरगी यंत्राने टिपते, पावती फोनवर जाते. कामात चूक काढायला मला काही सापडले नाही, आणि मी बराच वेळ शोधत होतो. बाहेर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला विचारले, खाली व्हायला किती वेळ? तो म्हणाला, “काका, सकाळपासून लागलो आहे.” एवढे एक मात्र आपल्या वेळचेच आहे.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पुरता खुला झाला आहे, ७०१ किलोमीटर, इकडे शिवमडक्यापासून तिकडे भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत. इगतपुरीला सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे, घाट उतरायचाच नाही. माझा पुतण्या डिसेंबरात कार घेऊन मुंबईला जाणार आहे आणि मला चल म्हणतो. मी त्याला एकच अट घातली आहे की, परतताना जुन्या रस्त्याने, कसाऱ्यावरून यायचे. तू पुण्याहून नाशिकला येऊन आम्हाला मिळ. मशीद बंदरच्या त्या गल्लीत आपण दोघांनी एकदा जाऊन पाहावे असे फार वाटते, कारण आपल्या पेढीचा गाळा पोस्टाच्या बाजूचा की अत्तरवाल्याच्या बाजूचा, यावर माझे आणि माझ्या डोक्याचे अजून एकमत होत नाही.

तुझ्याकडे जुन्या बिल्ट्यांचे एक पुडके होते, वहिनींनी रद्दीत घातले नसेल तर सोबत आण. त्यात शेवटच्या हिशेबाची चिठ्ठी असायला हवी. वसूल काही होणार नाही, पण आकडा नक्की किती होता ते एकदा बघून घेऊ. तारीख ठरली की फोन कर. पत्र लिहिलेस तर जास्त आवडेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा जुना जोडीदार