तिसऱ्या दिवशीचा बार

ती. आई आणि ती. बाबा यांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईने विचारलं, "पोरगी रडली का गं?" मी नुसतं "नाही" म्हटलं आणि विषय बदलला. बाबा मागून काहीतरी बोलत होते, ते नीट ऐकू आलं नाही. फोटो तुमच्यापर्यंत असा अचानक पोचायला नको होता. जावयाने कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला आणि आईने सकाळी चहा पिताना तो उघडला: नात केशरी टोपी घालून बसलेली, आणि समोर तिने शिकार केलेलं घोड्याएवढं जनावर आडवं पडलेलं. म्हणून हे पत्र. फोनवर हे सगळं मावलं नसतं.

आधी जनावराचं सांगते. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. नर तीनशे किलोच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. काश्मीरचा हंगुल याच्याच नात्यातला. आमच्या कोलोरॅडोत हे अडीच लाखांच्या वर आहेत, अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतके नाहीत. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे जेमतेम हजारभर उरले होते. खाणींवरच्या माणसांनी खाल्ले, बाजारात विकले, संपवत आणले. मग शेजारच्या वायोमिंगहून आगगाडीच्या डब्यातून आणून सोडले. त्यानंतर कडक हिशेब सुरू झाला: कुठल्या भागात किती जनावरं, त्यातले नर किती, माद्या किती, यंदा किती परवाने द्यायचे. मादीच्या परवान्यासाठी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज करायचा आणि सोडतीत नाव निघायची वाट बघायची. नाव नाही निघालं तर घरी बसा. वन्यजीव खात्याचा मोठा खर्च या परवान्यांच्या पैशावरच चालतो. बंदुका आणि काडतुसांवर खास कर आहे, तोही १९३७च्या कायद्याने याच कामाला जातो. बाबा, तुम्ही दर फोनला सांगता की रानडुकरांनी भात लोळवलं, माकडांनी शहाळी पाडली. तिथे किती डुकरं आहेत हे कोणी मोजलंय का, असा प्रश्न मला इथे बसून पडतो.

बारा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय इथे मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही, आणि त्याआधी कोर्स करून परीक्षा द्यावी लागते. तुमच्या नातीने तो गेल्या वर्षीच केला. मी तिच्या बाजूच्या खुर्चीत बसून केला, पंचेचाळिसाव्या वर्षी. तिला माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त. १ जानेवारी १९४९च्या आधी जन्मलेल्यांना मात्र कोर्स माफ आहे. माझ्या सासऱ्यांचा जन्म १९४७चा, ते हे सगळ्यांना मिरवून सांगतात. बाबा, तुम्हीही त्या यादीत बसता. कोर्स न करता तुम्हाला परवाना मिळेल!

ऑक्टोबरच्या शेवटी गेलो. तुमच्याकडे भातकापणी चालू असेल तेव्हा. घरापासून चार तास गाडी, मीकर नावाच्या गावाच्या पुढे, फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात. नऊ-साडेनऊ हजार फुटांवर तंबू. रात्री बाटलीतलं पाणी गोठायचं. सासरे, दीर, जाऊ, आम्ही तिघं. सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून ते चढत नाहीत. पहाटे चारला उठून सगळ्यांना कॉफी करून देतात आणि मग दिवसभर तंबूबाहेर खुर्ची टाकून दुर्बीण लावून बसतात. पंचावन्न वर्षं हा डोंगर चढलेला माणूस. कुठली वाट कुठल्या ओढ्याला मिळते ते खुर्चीतून हात करून सांगतात, आणि आम्ही निघालो की पाठ फिरवून भांडी विसळायला लागतात. त्यांना आम्हाला जाताना बघायचं नसतं, असं मला वाटतं.

आणि वारा! बाबा, तुम्ही जागलीच्या गोष्टी सांगताना म्हणायचात ना, वारा लागला की जनावर उठलंच. इथे सासरे पहिल्या दिवशी नातीला हेच शिकवत होते. पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली वाहते, म्हणून तेव्हा खालून वर जायचं. ऊन चढलं की हवा तापून वर जाते, तेव्हा आपण जनावराच्या वरच्या अंगाला असायला हवं. खिशात पिठासारख्या पुडीची छोटी बाटली असते, ती चिमूटभर दाबायची आणि पूड कुठे जाते ते बघायचं. तुम्ही विडीचा धूर बघायचात.

पहिल्या दिवशी सात-आठ माद्या दिसल्या, शंभर-सव्वाशे पावलांवर. मी नातीच्या खांद्याला खांदा लावून बसले होते, कारण सोळा वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असावंच लागतं. तिने तिकाटण्यावर रायफल ठेवली, बघितलं, बघितलं, आणि मान हलवली. एका मादीच्या मागे दुसरी उभी होती, आणि मोकळी होती तिच्या पायाशी यंदाचं पिल्लू. कळप झाडीत गेला. मला वाटलं घाबरली. तंबूत आल्यावर तिने आजोबांना सांगितलं, तर ते काही न बोलता तिच्या ताटात स्वतःचा बटाटा वाढून गेले. दुसरा दिवस नुसता बर्फ, काही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी एकटी मादी अॅस्पेनच्या झाडीतून आडवी निघाली आणि थांबली. एकच बार. साठेक पावलं चालली आणि बसल्यासारखी पडली. आम्ही अर्धा तास जागचे हललो नाही, तशी पद्धतच आहे. मग जवळ गेलो. आई, तुझी नात रडली नाही. तिने हातमोजा काढला, कानामागे हात ठेवला आणि म्हणाली, "अजून गरम आहे." बराच वेळ हात काढला नाही. मीही काही बोलले नाही. काय बोलायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

मग परवान्याची चिठ्ठी फाडायची, तारीख घालून सही करायची, जनावराला बांधायची. सही तिने मराठीत केली. शाळेच्या वहीवरही कधी करत नाही, इथे का केली कोण जाणे. त्यानंतर खरं काम. पोट न फाडता आधी तंगड्या, मग पाठीचं मांस, मानेचं मांस असं एकेक सोडवतात. खाण्याजोगं मांस टाकून येणं इथे गुन्हा आहे. एका मांडीला कासेचा भाग तसाच ठेवावा लागतो, म्हणजे वाटेत कोणी तपासलं तर मादी मारली आहे हे कळावं. आई, कोंबडी साफ करताना तू मला शेजारी बसवायचीस, तेवढंच शिक्षण होतं माझं. पण हात बरोबर चालले. दीर म्हणाले, "तुला कोणी शिकवलं?"

तंबू दोन किलोमीटरवर होता, मध्ये पडलेल्या झाडांची अडगळ. मागची एक तंगडी वीस-बावीस किलोची. ती पाठीवर बांधून मी उतरत होते आणि डोक्यात भलतंच येत होतं. गेल्या पावसाळ्यात बाबा न्हाणीघरात पडले तेव्हा शेजारच्या दोघा पोरांनी उचलून आणलं. मला ते आठ दिवसांनी कळलं, "तू काय करणार होतीस तिथून" असं म्हणून. खरंच आहे. पण गुडघे लटपटत असताना ते शब्द परत परत ऐकू येत होते. खाली पोचले तर सासरे तंबूपासून शंभर पावलं वर चढून आले होते, काठी टेकत, धापा टाकत. कोणी काही बोललं नाही त्यांना.

डोकं तपासणीला दिलं. हरणांना मेंदूचा एक रोग होतो, जनावर झुरून झुरून मरतं. तो पहिल्यांदा १९६७ साली याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सला सापडला होता. माणसाला होतो असं दिसलेलं नाही, पण अहवाल येईपर्यंत आम्ही मांसाला हात लावत नाही. अहवाल चांगला आला. मग सासऱ्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाटे पडले. वजनकाटा नाही, नुसत्या नजरेने. सत्तर किलोच्या आसपास मांस, चार घरं, शिवाय त्यांचा एक जुना शिकारी मित्र, जो आता वृद्धाश्रमात असतो. त्याचा वाटा सगळ्यात आधी बाजूला काढला.

बाबा, तेव्हा मला आपली पडवी आठवली. दिवाळीची सुट्टी, आजोबांची ठासणीची बंदूक, काका, तुम्ही, हाकाऱ्यांत दादा. दादा नववीत, मी सातवीत. १९७२चा कायदा तेव्हा होताच, पण तो आपल्या वाडीपर्यंत पोचला होता की नाही हे तुम्हालाच ठाऊक, पत्रात जास्त लिहीत नाही. पारध निघताना आजी आम्हा पोरींना पडवीतही उभं राहू द्यायची नाही. संध्याकाळी सागाच्या पानात वाटा यायचा, बंदुकीवाल्याचा एक जास्त. शेवटच्या घरच्या म्हातारीचा वाटा पोचवायला मात्र मलाच पाठवायचे. वाट्याचं पान हातात होतं, म्हणून मला वाटायचं मीही पारधीत आहे. नव्हते. दादाला आता त्यातलं काही आठवत नाही, विचारलं तर हसतो.

बंदुकीवाल्याचा जास्तीचा वाटा इथेही असतो. एल्कच्या वरच्या जबड्यात दोन दात असतात, हस्तिदंतासारखे, ते ज्याने बार टाकला त्याचे. तुमच्या नातीने एक आजोबांना दिला. दुसरा तुमच्यासाठी या पाकिटात घालणार होती, मी अडवलं. कस्टमवाल्यांना काय सांगू?

आई, मांसाचं सांगायचं राहिलं. चरबी अजिबात नाही, त्यामुळे मटणासारखं केलं तर चिवट होतं. मी तुझं भाजक्या खोबऱ्याचं वाटप घालून मंद आचेवर तीन तास ठेवलं, वर चमचाभर नारळाचं तेल. वडे केले, ते फुगले नाहीत. सासऱ्यांनी तीन वेळा रस्सा मागून घेतला आणि नाक पुसत बसले. मसाला संपत आलाय, दादा येईल तेव्हा अर्धा किलो तरी दे, या वेळी जरा कमी तिखट.

रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल करतो. बाबांनी कानाचं मशीन लावून बसायचं. नातीने वहीत प्रश्न काढून ठेवलेत: हाकारे किती असायचे, बंदूक ठासायला किती वेळ लागायचा, डुक्कर अंगावर आलं तर काय करायचे. पहिला प्रश्न मात्र "आईला का नेलं नाही?" असा आहे. मी तिला सुचवलेला नाही.

तुमची,
बाय