एक टीबीचे ९३१ जीबी दिसतात, त्यात दुकानदार चोर नाही

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात ग्राहकांच्या तक्रारी आल्या त्यात एकाने लिहिलंय की एक टीबीची हार्डडिस्क घेतली, घरी कॉम्प्युटरला लावली तर ९३१ जीबीच दिसली, म्हणजे दुकानदाराने फसवलं. मी सांगलीत विश्रामबागला कॉम्प्युटर रिपेअरिंग करतो, हे बोलणं आम्हाला कायम ऐकावं लागतं म्हणून लिहितोय. अहो डिस्क पूर्ण आहे, एक बाइट (माहिती मोजायचं छोटं माप) पण कमी नाही.

डिस्कवाली कंपनी किलो म्हणजे १०००, मेगा म्हणजे १००० किलो, असं धरत जाते आणि टीबी म्हणजे एकावर बारा शून्य एवढे बाइट देते. विंडोज तेवढेच बाइट मोजतं पण प्रत्येक पायरीला (बाइटचे केबी, केबीचे एमबी, एमबीचे जीबी) १०२४ ने भागतं, आणि पुढं जीबीच लिहितं, इथंच सगळा घोळ. पूर्वी कच्चा मण आणि पक्का मण असायचा तसलाच प्रकार. कॉम्प्युटरचं सगळं दोनाच्या पटीत चालतं, दोनाचा दहावा घात १०२४, रॅमची, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीची, चिप त्याच हिशोबाने बनते म्हणून ८ जीबी रॅम खरंच १०२४ वाली असते. डिस्कला तशी सक्ती नाही. केबीला हा फरक २.४ टक्केच होता, जीबीला ७.४ झाला, टीबीला जवळजवळ १०, म्हणून आत्ता डोळ्यात यायला लागलाय. (जुनी १.४४ एमबीची फ्लॉपी तर दोन्हीत बसत नाही, ती १४४० गुणिले १०२४ बाइट, म्हणजे अर्धं हे अर्धं ते!)

१९९८ ला आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १०२४ वाल्यांना वेगळी नावं दिली, किबिबाइट मेबिबाइट गिबिबाइट, पण गिऱ्हाईकासमोर असलं बोललो तर चेष्टा करतोय वाटेल. मॅकवाले २००९ पासून सरळ १००० ने दाखवतात, तिथं ही तक्रारच येत नाही. खोक्यावर ‘विंडोजमध्ये एवढे दिसतील’ असं ठळक छापलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

इंटरनेटचं पण तसंच, १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं की सेकंदाला १०० एमबी उतरणार असं वाटतं, पण तो बी बिटचा, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे जास्तीत जास्त साडेबारा एमबी.

आता फसवणूकच शोधायची तर आपल्याच पेपरातल्या मोबाइलच्या जाहिराती बघा साहेब. मोठ्या अक्षरात १६ जीबी रॅम आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ८ अधिक ८, त्यातली दुसरी ८ म्हणजे स्टोरेजमधली उसनी जागा, रॅमच्या मानाने कितीतरी स्लो. आणि ते ऑनलाइन तीन-चारशे रुपयात मिळणारे २ टीबीचे पेनड्राइव्ह! आत जेमतेम ३२-६४ जीबीची चिप असते आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगायचं प्रोग्रामिंग केलेलं असतं, कॉपी झाल्यासारखं दिसतं पण जागा संपल्यावरच्या फायली उघडतच नाहीत. लग्नाचे फोटो त्यात टाकून मूळ कार्ड पुसून मोकळे झालेले लोक येतात, त्यांना काय सांगणार. असला स्वस्त ड्राइव्ह घेतलाच असेल तर आधी पूर्ण भरून शेवटच्या फायली उघडून बघा, मगच मूळचं डिलीट करा. एवढं तरी त्या तक्रारीच्या पानावर छापा.

आपला,
एक रिपेअरिंगवाला वाचक, विश्रामबाग, सांगली