सतराव्या ब्लॉकवर भेटलेल्या सिसॉपना

सिसॉप,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही चालवता त्या बुलेटिन बोर्डावरून, म्हणजे मोडेमनं जोडून वापरायच्या संगणकावरून, एक्समोडेमने (ब्लॉक पाडून फाइल पाठवायची जुनी पद्धत) साधी मजकुराची फाइल उतरवायला घेतली की सोळा ब्लॉक सुरळीत यायचे आणि सतराव्यावर गाडी अडायची. फाइल बदला, वेळ बदला, अडायची तिथंच. यावर मिळणारे सल्ले ठरलेले: लाइन खराब आहे, केबल बदला, जुनं मशीन भंगारात घाला आणि एम्युलेटर (त्याची नक्कल करणारा प्रोग्राम) वापरा. अडतं नेमकं कुठे, हे एकानंही विचारलं नाही. खराब लाइन एवढी वक्तशीर असते होय?

तुम्ही आधी तेच विचारलंत. "कितवा ब्लॉक?"

१७ ऐकल्यावर तुम्हाला दुखणं कळलंच असणार. एक्समोडेमच्या १२८ बाइटच्या प्रत्येक ब्लॉकआधी त्याचा क्रमांक येतो. १७ म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) ११, आणि ११ म्हणजेच एक्सऑन, 'पुन्हा पाठवायला लागा' अशी खूण. टर्मिनलमध्ये (बोर्डाशी बोलणाऱ्या प्रोग्राममध्ये) सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे अशा खुणांनी पाठवणं थांबवायची-चालू करायची सोय, चालू असला, की सिरियल ड्रायव्हर तो बाइट स्वतःसाठीची खूण समजून गिळतो. क्रमांकाशिवाय ब्लॉक बाद, पुन्हा मागणी, पुन्हा तेच.

"सेटिंग बदला" म्हणून मोकळं होता आलं असतं. तुम्ही मात्र बोर्डावर २५६ बाइटची एक फाइल ठेवलीत: ०० पासून एफएफपर्यंत प्रत्येक बाइट ओळीनं एकदा. ती कुठल्याही प्रोटोकॉलशिवाय थेट सोडायची सोयही मेनूत केलीत, कारण आजारी प्रोटोकॉलवरून औषध पाठवण्यात अर्थ नव्हता. आभार मुख्यतः त्या २५६ बाइटांचे. ०७ ला बेल वाजते, ०सी ला पडदा पुसला जातो, त्यामुळे पडद्यावर भरवसा ठेवायचा नाही. कच्चा लॉग (आलेल्या बाइटांची नोंद) पकडून हेक्समध्ये पाहायचा.

मग लॉगच बोलतो. ११ आणि १३ (एक्सऑफ, म्हणजे 'थांबा') गायब असले तर दोष एक्सऑन-एक्सऑफचा. ८० च्या जागी पुन्हा ०० पासून सुरुवात झाली तर टर्मिनल आठ बिटांच्या ८एन१ सेटिंगऐवजी सात बिटांवर आहे. भोकं दर वेळी वेगळ्या जागी पडत असली तर फ्लो कंट्रोलच चालत नाही, किंवा यूआर्ट (सिरियल पोर्टवरचे बाइट घेणारी चिप) मागे पडतोय: जुन्या ८२५० ला एका बाइटची जागा, १६५५०ए ला सोळांची. अशा वेळी वेग ९६०० वर आणून पाहावं.

इथलं मूळ दुखणं तीन तारांत होतं. वायफाय मोडेमच्या स्वस्त सर्किट बोर्डांवर बरेचदा टीएक्स (पाठवायची तार), आरएक्स (घ्यायची तार) आणि ग्राउंड एवढंच बाहेर काढलेलं असतं. आरटीएस-सीटीएस, म्हणजे 'थांबा-चालू' सांगणाऱ्या दोन तारा, नाहीत, म्हणून लोक नाइलाजानं एक्सऑनवर जातात. आधी त्या दोन तारा जोडायच्या, त्याही मॅक्स३२३२ या व्होल्टेज जुळवणाऱ्या चिपमधूनच, कारण मोडेमवरच्या ईएसपी८२६६ या वायफाय चिपची पिन ३.३ व्होल्टची असते. मग मोडेम आणि टर्मिनल दोन्हीकडे हार्डवेअर फ्लो कंट्रोल. एकीकडेच केला तर दुसरी बाजू थांबायचं नाव घेत नाही.

या छंदात हे वळण जुनंच म्हणायचं. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये लिहिलेला एक्समोडेम कुणालाही वापरायला मोकळा ठेवला, आणि रँडी सूस यांच्यासोबत १६ फेब्रुवारी १९७८ ला शिकागोत पहिलं डायल-अप बोर्ड सुरू केलं. 'मॅन्युअल वाचा' म्हणून हाकलणारे तेव्हाही असतीलच. फाइल बनवून ठेवणारे कमी.

ती फाइल मेनूतून काढू नका. तिच्या मदतीच्या मजकुरात एक भर घाला: लॉग २५६ ऐवजी २५८ बाइटचा भरला, ०डी नंतर जास्तीचा ०० आणि शेवटी एफएफ दोनदा दिसला, तर बोर्ड टेलनेट (काही बाइटांना जोड देऊन पाठवणारी नेटवर्कवरची पद्धत) बोलतंय आणि मोडेम कच्च्या जोडणीवर आहे. मोडेमचा टेलनेट मोड चालू करायचा, तारांना हात लावायचा नाही.

आपला,
तुमच्या बोर्डावर येणारा एक कॉलर