माझ्या पत्नीचं नाव माझ्या हयातीत दुरुस्त व्हावं : संरक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. संरक्षण मंत्री महोदय,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय जय हिंद.

मी स्थलसेनेत १९७५ साली भरती झालो आणि १७ वर्षांची नोकरी करून १९९२ साली हवालदार म्हणून निवृत्त झालो. पेन्शन वेळेवर मिळते, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. लष्कराच्या नोंदीत माझ्या पत्नीचं जे नाव आहे, त्या नावानं गेली चाळीसहून अधिक वर्षं तिला कुणी हाक मारलेली नाही. ते माझे डोळे मिटण्याआधी दुरुस्त व्हावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तिचं नाव, माझा सर्व्हिस नंबर आणि पीपीओचा, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, नंबर इथे मुद्दाम देत नाही. पेन्शनरांची माहिती काढून खाती रिकामी करणाऱ्यांचे फोन आम्हाला सारखे येतात. सगळा तपशील अर्जात आहे, आणि अर्ज आपल्याच खात्याच्या एका अभिलेख कार्यालयात, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसात, आहे.

चूक कशी झाली ते आधी सांगतो, कारण यात कुणाचीच लबाडी नव्हती. १९८१ साली लग्न ठरलं. रजेच्या अर्जात मी मुलीचं नाव लिहिलं, म्हणजे अर्थातच माहेरचं. रजेवर आलो, लग्न झालं, आणि आमच्याकडे तेव्हा घरोघरी होती त्या रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं गेलं. त्या दिवसापासून ती सासरच्या नावानं ओळखली जाऊ लागली. रेशनकार्ड, मतदार यादी, बँकेचं पासबुक, पुढे आधार, सगळीकडे तेच नाव. मी मात्र रजा संपवून पलटणीत हजर झालो, तेव्हा क्लार्कनं रजेच्या अर्जावरूनच लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा लष्करी आदेश, काढली. शीट रोलमध्ये, म्हणजे माझ्या सेवेच्या नोंदपत्रात, माहेरचं नाव गेलं. तिथून डिस्चार्ज बुकात, तिथून पीपीओमध्ये. तो क्लार्क महाराष्ट्राबाहेरचा होता. लग्नात मुलीचं नावच बदलतं हे त्याला कुठून ठाऊक असणार? आणि मी पंचविशीतला जवान. कागद वाचून सही करायची असते हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

महोदय, महाराष्ट्रातल्या माझ्या वयाच्या माजी सैनिकांना विचारून पाहा. प्रत्येक गावात असा एक तरी निघेल. कुणाच्या नोंदीत पत्नीच्या नावापुढे ‘बाई’ लागलं आहे, आधारवर नाही. कुणाचं आडनाव इंग्रजीत दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलं आहे. लक्ष्मी हे नाव एका क्लार्कनं एक्सनं लिहिलं, दुसऱ्यानं केएसएचनं. कुणाच्या वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसलं. आमच्यातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. जन्मतारखेबद्दल माझं काही मागणं नाही. नोकरी त्या तारखेवर झाली, ती तशीच राहू द्यावी. पण नावाची गोष्ट वेगळी आहे, कारण नावावर माझ्या मागे राहणाऱ्या बाईचं पोट आहे.

पेन्शन बँकेमार्फत येत होती तोवर हे कुणाच्या लक्षात आलं नाही. संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत खातं गेलं, आधार आणि पॅन जोडायची वेळ आली, तेव्हा मुलानं मोबाइलवर माहिती उघडून दाखवली आणि दोन नावं समोरासमोर आली. मी म्हणेन की बरं झालं. प्रणालीनं चूक उघडी केली, नाहीतर ती माझ्या मृत्यूच्या दाखल्याबरोबरच उघडी पडली असती.

तेव्हापासून मी तीनदा अर्ज केला. पहिला परत आला, कारण प्रतिज्ञापत्र नोटरीसमोरचं होतं, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचं हवं होतं. तसं करून दुसऱ्यांदा पाठवला. मग कळलं की वर्तमानपत्रातली जाहिरात फक्त मराठीत चालत नाही, इंग्रजी वर्तमानपत्रातही हवी. तीही दिली. तिसऱ्या वेळी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मागितलं. या तिन्ही मागण्या पहिल्याच पत्रात एकत्र लिहून आल्या असत्या तर माझी दोन वर्षं वाचली असती. सत्तरीतल्या माणसाची दोन वर्षं म्हणजे किती, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आमच्या लग्नाची नोंद कुठेच नव्हती. त्या काळी खेड्यात कोण करत होतं? ग्रामसेवकांकडे गेलो. ते म्हणाले, नोंद उशिरानंही करता येते, फक्त तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी यांच्या सह्या लागतील. भटजींना जाऊन वीस वर्षं झाली. मांडवात उभे असलेल्या थोरांपैकी माझी बहीण आणि पत्नीचा एक चुलतभाऊ एवढेच हयात. बहिणीला दिसत नाही, तिच्या अंगठ्यावर काम झालं. तिसरा साक्षीदार म्हणून त्या वेळी बारा वर्षांचा असलेला पुतण्या उभा राहिला. एवढं करून प्रमाणपत्र मिळालं, ते अर्थातच सासरच्या नावानं.

आणि मग कार्यालयाकडून जे पत्र आलं, त्यानं मला हे खुलं पत्र लिहायला लावलं. त्यात विचारलं होतं की नोंदीतली पत्नी आणि प्रमाणपत्रावरची पत्नी या दोन वेगळ्या स्त्रिया नाहीत, म्हणजेच हा दुसरा विवाह नाही, हे सिद्ध करावं.

ते पत्र इंग्रजीत होतं. मुलानं मराठीत अर्थ सांगितला तेव्हा पत्नी तिथेच बसली होती. ती काही बोलली नाही, उठून आत गेली. महोदय, मी सीमेवर असताना हिनं माझ्या आईचं आजारपण काढलं, शेत पाहिलं, दोन मुलं वाढवली. रजा नामंजूर झाली की तार यायची, आणि ती तार ती शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायची. त्या बाईला आज विचारलं जातं की तू दुसरी कुणी तर नाहीस ना. पत्र लिहिणाऱ्यानं नियमानंच लिहिलं असेल, त्याच्यावर माझा राग नाही. पण ज्या नियमाला असा प्रश्न विचारावा लागतो, त्यानं आधी आपलीच फाइल उघडून पाहायला हवी होती. माझ्या डिस्चार्जच्या कागदांवर आमचा जॉइंट फोटो आहे. त्यावर तिच्या अंगठ्याचा ठसा आहे. आज तिचा अंगठा घ्या आणि ताडून पाहा. नाव बदललं असेल, अंगठा बदललेला नाही.

जॉइंट फोटो आणि ठसा दप्तरात असेल तिथे ओळख पटवायला तोच पुरावा धरावा, असा स्पष्ट आदेश आपण सर्व अभिलेख कार्यालयांना द्यावा. आणि माणसाला प्रत्यक्ष पाहून खात्री करायची असेल तर ते काम जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांकडे सोपवावं. आमच्यापैकी कुणाचं रेकॉर्ड बेळगावला, कुणाचं सागरला, कुणाचं जबलपूरला, कुणाचं सिकंदराबादला. तिथल्या बाबूंनी आम्हाला कधी पाहिलेलं नाही. जिल्ह्याचे अधिकारी मात्र स्वतः फौजी असतात, आमची भाषा त्यांना कळते, पत्नीला समोर बसवून दहा मिनिटांत ते ओळखतील. त्यांचा शेरा अंतिम मानला जावा. लग्नात नाव बदलणं ही महाराष्ट्रातली जुनी रीत आहे, एवढी एक ओळ त्या आदेशात असली तरी पुष्कळ प्रश्न विचारावेच लागणार नाहीत.

घाई का करतो, तेही सांगतो. आमच्या तालुक्यात नाईक हुद्द्याचे एक माजी सैनिक दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या पत्नीच्या नावात एका अक्षराचा फरक होता. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला चौदा महिने गेले. शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांवर मोजली जाणारी ती रक्कम, पण तीच बंद म्हणजे औषधही उधारीवर. ज्याला सगळं ठाऊक होतं तो माणूस गेलेला, आणि उत्तरं द्यायला जिला कागद वाचता येत नाहीत ती मागे. मी जिवंत आहे तोवर मला विचारा. कोणत्या साली कुठली पलटण, कुठल्या रजेत लग्न, कोण क्लार्क होता, सगळं सांगतो.

पलटणीत दरबार भरायचा. कुणाची अडचण असेल तर जवान सावधान उभा राहून सांगायचा, आणि सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, सगळ्यांसमोर उत्तर द्यायचे. हो किंवा नाही, पण उत्तर तिथल्या तिथे. तसाच आज आपल्यासमोर उभा आहे.

अर्जाची प्रत आणि तिन्ही वेळच्या पोहोचपावत्या आमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दिल्या आहेत. आपल्या कार्यालयानं मागितल्यास त्याच दिवशी पाठवतो. पत्नी आता सही करायला शिकली आहे, सासरच्या नावानं. अर्जावर तिनं सहीही केली आहे आणि शेजारी अंगठाही दिला आहे.

जय हिंद.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हवालदार, महाराष्ट्र