मनूला, बँकॉकच्या शाळेबद्दल

नाशिक, रविवार रात्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू थाई शिकवणाऱ्या चार शाळांची नावं भराभरा वाचून दाखवलीस आणि म्हणालीस, "आई, सगळ्या सारख्याच आहेत गं, व्हिसाचं काम कोण लवकर करतंय ते बघते नि पैसे भरून टाकते." मी कुकर लावत होते, म्हणून नुसतं हं म्हटलं. रात्री मात्र झोप लागेना. फोनवर मी बोलायला लागले की तू "हो गं, हो गं" करतेस, म्हणून हे लिहून पाठवतेय. सावकाश वाच.

व्हिसा शाळा देत नाही. शाळा कागद देते. तिथल्या शिक्षण मंत्रालयाचा परवाना असलेल्या शाळेत नाव घातलंस की तिच्यामार्फत तुझी कागदपत्रं होतात आणि त्यांच्या जोरावर नॉन-इमिग्रंट ईडी व्हिसासाठी, म्हणजे शिकायला जाणाऱ्यांच्या व्हिसासाठी, अर्ज करायचा. भारतातून हा अर्ज जानेवारी 2025 पासून ऑनलाइन करायचा असतो, बाबा सांगतात तशी मुंबईला रांग नाही लावावी लागत. तिथे उतरल्यावर पहिले 90 दिवस मिळतात. पुढची मुदत इमिग्रेशनच्या कचेरीत वाढवून घ्यायची, दर खेपेला 1,900 बाट. बँकॉकात राहिलीस तर त्यासाठी चेंग वत्थनाला जावं लागेल. सकाळी लवकर जा आणि सोबत वाचायला काहीतरी ने. थोडक्यात, वर्षभर तुझं तिथलं राहणं त्या एका शाळेच्या खुंटीला टांगलेलं असणार. शाळेचा परवाना गेला किंवा तू वर्गाला जायचं सोडलंस, तर खुंटीच निखळली. लवकर काम करणारी खुंटी नको, पक्की बघ.

तुझ्या यादीतल्या एका शाळेच्या जाहिरातीत "हजेरीची सक्ती नाही" असं लिहिलंय ना? तिच्यावर काट मार. मुदत वाढवायला गेलं की कधीकधी समोरचा अधिकारी थाईत विचारतो, नाव काय, कुठे राहतेस, शिक्षकांचं नाव काय. सहा महिने "शिकत" असलेल्या माणसाला एवढंही येत नसेल तर तो काय समजायचं ते समजतो. आणि ते जाऊ दे. शिकायला जातेस ना तू? नोकरी सोडून, साठवलेले पैसे मोडून? मग वर्गाला न जायची सवलत देणाऱ्या शाळेशी आपलं काय काम?

आता माझी गोष्ट. ही तुला अर्धीच माहीत आहे.

1999 साली, तू अडीच वर्षांची असताना, मी बँकॉकात सुखुमवित रस्त्यावरच्या एका शाळेत नाव घातलं. माझा व्हिसा बाबांच्या नोकरीवरचा, त्यामुळे मला त्याची काळजी नव्हती, मी हौसेनं गेले. त्याच डिसेंबरात स्काय ट्रेन सुरू झाली आणि तिच्यात बसून वर्गाला जाताना मला फार भारी वाटायचं. शिक्षिका गोड होत्या, पुस्तक गुळगुळीत कागदाचं. पण सगळं रोमन लिपीत. सूर दाखवायला स्वरांच्या डोक्यावर बारीक टोप्या नि रेघा. आपण काय करतो? टोप्या सोडून देतो आणि शब्द पाठ करतो. मी 'सुअय' पाठ केला, म्हणजे सुंदर. बाबांच्या साहेबांनी नवं घर घेतलं, तिथे जेवायला गेलो, आणि मी त्यांच्या बायकोला मोठ्या झोकात सांगितलं, "बान सुअय माक." घर फार सुंदर आहे, असं मला म्हणायचं होतं. सुंदरचा 'सुअय' खालून वर चढतो. मी तो सपाट म्हटला. सपाट 'सुअय' म्हणजे अवलक्षणी, पनवती. वास्तुशांतीला जाऊन यजमानीणबाईंना "घर फारच अपशकुनी हो तुमचं" म्हणून आले मी! त्या हसल्या, थाई माणसं हसतात. बाबा आठवडाभर हसले नाहीत.

याहून वाईट पुढेच आहे. दोन पुस्तकं संपवली, बाजारात भाव करायला लागले, आणि एका रात्री तुला ताप भरला. दवाखान्यातून औषधाचं पाकीट आणलं. त्यावर छापील चौकटी होत्या आणि एका चौकटीत पेनानं खूण. जेवणाआधी की जेवणानंतर, कळेना. सहा महिने थाई शिकलेली मी ते पाकीट उलटसुलट करत उभी. तुला सांभाळणारी फी गावी गेली होती. (तिथे फी म्हणजे ताई किंवा दादा. शाळेची फी वेगळी, ती भरावी लागते.) मी अंदाजानं रिकाम्या पोटी दिलं आणि पहाटेपर्यंत तू ओकत होतीस. सकाळी फी आली, पाकिटाकडे नुसतं बघून म्हणाली, "लांग आहान." जेवणानंतर.

त्या आठवड्यात मी शाळा सोडली आणि आपल्याच गल्लीतल्या निवृत्त प्राथमिक शिक्षिकेकडे जायला लागले. तिथे शिक्षकांना 'ख्रू' म्हणतात, म्हणजे आपला गुरूच. ख्रूंनी रोमनचं पुस्तक हातातून काढून घेतलं आणि बालवाडीचा तक्ता पुढे ठेवला. को काय, म्हणजे कोंबडीचा 'को'. खो खाय, अंड्याचा. खो ख्वाय, म्हशीचा. खो रखांग, घंटेचा. ङो ङू, सापाचा. मधली दोन अक्षरं आता वापरात नाहीत, ती सोडली तर नीट बघ: क, ख, ग, घ, ङ! पुढे च-छ-ज, ट-ठ, त-थ, प-फ-ब-भ-म, य-र-ल-व, सगळी आपल्याच ओळीनं. पल्लव लिपी दक्षिण भारतातून ख्मेर देशात गेली, तिथून थाईत आली, आणि वाटेत वर्णमालेचा क्रम कुणी मोडला नाही. 44 व्यंजनं आहेत म्हणून वर्गातली गोरी मुलं घाबरून जातात. तुझं अर्धं काम पहिलीतच झालंय. 'ळ'सुद्धा आहे गं! तक्त्यात त्याच्याशेजारी पतंग काढलेला असतो, आणि चुलालोंगकोर्न या नावात तो बसलाय. चूळालंकरण.

आणि औषधाच्या पाकिटावरचा तो शब्द. लिहिलेला असतो सरळ 'आहार', शेवटी र. थाईत शब्दाच्या शेवटच्या र चा उच्चार न होतो म्हणून 'आहान'. ते अक्षर-अक्षर लावून वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून राहिले होते. आहार! मी रात्रभर ज्याच्याकडे बघत होते तो शब्द मला लहानपणापासून येत होता.

आता शाळा निवडताना हे कुठे उपयोगी पडतं ते सांगते, इथे लक्ष दे. थाईत सूर पाच. कुठला शब्द कुठल्या सुरात म्हणायचा हे बरंचसं पहिल्या व्यंजनावर ठरतं, आणि व्यंजनांचे तीन गट असतात: मधला, उंच, खालचा. रोमनमधून शिकणाऱ्याला हे गट कळायचा मार्गच नाही, लिपी नुसती घोकणाऱ्याला 44 अक्षरांचे गट पाठ करावे लागतात. तुला नाही करावे लागणार. आपल्या वर्णमालेतल्या प्रत्येक वर्गातलं पहिलं अक्षर, क च ट त प, हे मधल्या गटात. दुसरं, ख छ ठ थ फ, उंच गटात. तिसरं, चौथं आणि अनुनासिक, ग घ ङ, ज झ ञ, खालच्या गटात. श ष स ह उंच, य र ल व खालचे. शेकडो वर्षांपूर्वी तिथे ग आणि घ चा घोष, म्हणजे घशातला कंप, गेला, तोंडात दोन्हींचा 'ख'च झाला, पण त्यांची जागा तक्त्यात राहिली, आणि त्या जागेवरून आज सूर ठरतो. नियम आणखी आहेत, अपवादही आहेत, पण पाया हा. सुरांच्या खुणांची नावं ऐक: एक, थो, त्री, चत्तवा. एक, दोन, त्रि, चत्वार. ख्रूंनी ही नावं सांगितली आणि मीच त्यांना चार पर्यंत मोजून दाखवलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पहिल्या महिन्यात अक्षरं हातात देणारी शाळा घे. "आधी बोलायला शिका, लिपी नंतर, तिसऱ्या पुस्तकात" असं सांगणारी नको. इतर देशांतल्या मुलांसाठी ती चांगलीही असेल, तुझ्यासाठी नाही. फोनवर विचारू नकोस, फोनवर सगळे हो म्हणतात. आधी पर्यटक म्हणून तिथे जा, त्या मुदतीच्या आत परत यायच्या हिशेबानं दोन आठवडे, आणि दोन-तीन शाळांत पैसे भरायच्या आधी एकेक वर्गात मागे बसून बघ. बसू देत नसतील तर उठून ये. पुस्तक हातात घे आणि पहिलं थाई अक्षर कितव्या पानावर आहे ते बघ. पटावर किती नावं आणि बाकांवर किती माणसं, ते मोज. माझ्या त्या शाळेत अकरा नावं होती, येत होतो तिघं. शिक्षिका दर महिन्याला बदलतात का, ते तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचार, जिन्यात गाठून. आणि व्हिसा नाकारला तर पैशांचं काय, हे लिहून घे. तोंडी "माय पेन राय" म्हणतील. म्हणजे "काही हरकत नाही". ती हरकत नेहमी आपल्याकडेच उरते.

तास किती, हेही बघ. आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास, अशा वर्गात पैसे कमी लागतात आणि भाषाही कमी येते. चुलालोंगकोर्न विद्यापीठाच्या कला शाखेतला सखोल थाईचा अभ्यासक्रम त्याच्या अगदी उलट, रोज वर्ग, रोज घरचा अभ्यास, आणि महाग. तुझ्या साठवलेल्या पैशात बसत असेल तर मी तोच घेईन. बाबांचं मत वेगळं आहे, ते तू त्यांनाच विचार. एयूए नावाच्या बँकॉकच्या भाषाशाळेची पद्धत आणखी निराळी. मार्व्हिन ब्राउन नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं 1980च्या दशकात तिथे ती बसवली: विद्यार्थ्यानं शेकडो तास नुसतं ऐकायचं, बोलायची घाई नाही, मूल शिकतं तसं. माझी बँकॉकची मैत्रीण तिचे गोडवे गाते. मला ती पटते, कारण तू अशीच शिकलीस. फीच्या कडेवर बसून ऐकत होतीस आणि एक दिवस भाताचा घास मागे सारून म्हणालीस, "माय आव!" नको मला. तुझं पहिलं ठणठणीत वाक्य थाईत होतं, मनू. नाशिकच्या शाळेत घातल्यावर एका पावसाळ्यात सगळं विसरलीस. पण आता तू मूल नाहीस आणि इमिग्रेशनची तारीख नव्वद दिवसांवर आहे, तेव्हा कान आणि पाटी दोन्ही घेऊन जा.

बाकीचं भराभर. खोली घेशील तेव्हा घरमालक तुझी नोंद 24 तासांत करतो का ते आधी विचार. टीएम थर्टी म्हणतात त्याला, ती नसेल तर पुढे मुदत वाढवताना अडतं. सलग 90 दिवस झाले की आपला पत्ता कळवायचा, तेही विसरायचं नाही. मुदत संपून राहिलीस तर दिवसाला 500 बाट दंड, आणि पासपोर्टवर डाग वेगळा. या व्हिसावर तिथे काम करता येत नाही, "इंग्रजीच्या दोन शिकवण्या" हेही कामच. तुझ्या मैत्रिणीला सांग.

ख्रू आता नसतील. त्या तेव्हाच सत्तरीच्या होत्या. गल्ली मात्र असेल, तोंडाशी सोमतम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, विकणारी बाई बसायची ती. एकदा जाऊन बघ.

तुझी,
आई

ता. क. दिवाळीला येणार असशील तर निघण्यापूर्वी री-एन्ट्री परमिट घे, एका खेपेचं 1,000 बाट, अनेक खेपांचं 3,800. ते न घेता देश सोडलास तर वाढवलेली मुदत रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. सुवर्णभूमी विमानतळावरही मिळतं, पण तू नेहमी शेवटच्या मिनिटाला पोचतेस. आणि येताना आजीसाठी गोड चिंच आण, फेत्चबूनची. 'मखाम वान' माग. वान चढत्या सुरात.