खडकीची वॉर सेमेटरी म्हणजे बाग नव्हे

महोदय,

होळकर पुलाजवळच्या खडकीच्या वॉर सेमेटरीत, म्हणजे महायुद्धांतल्या सैनिकांच्या दफनभूमीत, मी अधूनमधून सकाळी जाऊन बसतो. परवा तिथे एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं होतं. मुलीचा घोळदार झगा हिरवळीवर पसरलेला, फोटोवाल्याची बॅग नेमकी एका कबरीच्या दगडापाशी, फुलांच्या वाफ्यात टेकवलेली. दगडावरच्या सैनिकाचं वय बावीस. माळीकाकांनी हात जोडून बॅग उचलायला सांगितली, तर उत्तर आलं, ''काका, गार्डनच आहे ना?''

गैरसमज होऊ शकतो, हे मान्य. इतकी निगुतीने राखलेली हिरवळ आणि अशी शांतता पुण्यात आता उरलीय कुठे? पण या हिरवळीखाली माणसं आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या १६६८ जणांची इथे नोंद आहे. पहिल्या महायुद्धातले ६२९ जण आधी मुंबईत शिवडीला होते. १९६२ मध्ये त्यांना इथे आणलं. अधिकारी असो की साधा शिपाई, मान सगळ्यांना सारखाच. काही दगडांवर तळाशी घरच्यांनी दिलेली एखादी ओळ आहे. ती वाचायला वाकावं लागतं, आणि एकदा वाकून वाचलं की सेल्फी काढायला हात धजत नाही.

'परक्या गोऱ्यांच्या कबरी, आपल्याला काय त्याचं?' असंही ऐकलंय. मग माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे आठवावेत. १० जुलै १९४४ रोजी ते इटलीत धारातीर्थी पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. त्यांची कबर कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही. नाव तेवढं तिकडच्या कॅसिनो नावाच्या गावातल्या युद्धस्मारकावर कोरलंय. त्या नावाला टेकून कुणी रील केलं, तर आपल्याला चालेल?

फार काही करायचं नाही. मोबाइल गप्प ठेवावा, वाफ्यात पाय घालू नये, दगडाला टेकू नये, डबा बाहेरच खावा. फोटोवाल्यांनी तर ही जागा आपल्या यादीतूनच काढून टाकावी. आणि सहल घेऊन येणाऱ्या शिक्षकांना एक विनंती : मुलांना नुसतं रांगेने फिरवू नका. प्रत्येकाला एकेक नाव आणि वय वहीत उतरवायला सांगा. एका शाळेची सहावी-सातवीची मुलं हे करताना मी पाहिलीत. पाच मिनिटांत बाईंनी न सांगता आवाज खाली आले होते.

– एक वाचक, बोपोडी, पुणे